बंदूक बिघडते ती पडून राहिल्यानं

माझ्या टेबलावर दुरुस्तीला येणाऱ्या बंदुकांमध्ये वापरून झिजलेल्या फार थोड्या असतात. बहुतेक पडून राहून बिघडलेल्या असतात. वडिलांच्या माघारी कॅनव्हासच्या पिशवीतच राहिलेली रायफल, माळ्यावर ठेवून विसरलेली एकनळी, निवडणुकीच्या काळात पोलीस ठाण्यात जमा केलेली आणि परत आणल्यावर तशीच कपाटात गेलेली दुनाळी. चांगल्या बनावटीची बारा बोअरची बंदूक हजारो बार सोसते. पण कोकणातला किंवा घाटमाथ्यावरचा एक पावसाळा तिला कुणी पुसलं नाही, तर नळीत कायमचे खड्डे पाडून जातो.

म्हणून शेताच्या राखणीसाठी परवाना घेतलेल्यांना, वारशानं बंदूक आलेल्या घरांना, जुन्या शस्त्रांची आवड असणाऱ्यांना आणि नेमबाजी शिकणाऱ्या मुलांच्या आईवडिलांना मी एकच गोष्ट सांगत आलो आहे. महिन्यातून एकदा स्वतःच्या हातानं उघडून, पाहून, पुसून ठेवाल तेवढ्याच बंदुका बाळगा. पारख, सफाई, साठवण, नेम हे सगळं या पाहण्यातूनच येतं. काय पाहायचं आणि कसं, ते इथे क्रमानं सांगतो.

आधी खात्री करा: बंदूक रिकामी आहे

बंदूक कुणीही हातात दिली, अगदी ‘रिकामी आहे’ असं सांगून दिली, तरी आपण उघडून पाहायची. नळीचं तोंड सुरक्षित दिशेला, बोट चापापासून लांब, आणि मगच हात पुढे. दुनाळी मोडली की दोन्ही चेंबर समोर दिसतात. रायफलीचं आधी मॅगझिन काढायचं, मग बोल्ट मागे ओढायचा, आत पाहायचं आणि करंगळीनं चाचपायचंही. हा क्रम उलटा केला तर बोल्ट पुढे जाताना मॅगझिनमधलं काडतूस चेंबरमध्ये सरकवतो आणि आपण मात्र ती रिकामी आहे असं धरून चालतो.

ठासणीच्या बंदुकीचं निराळं. ती मागून उघडत नाही, त्यामुळे आत काय आहे ते दिसत नाही. वाड्यात, माजघराच्या तुळईवर किंवा धान्याच्या खोलीत सापडलेली ठासणीची बंदूक भरलेलीच आहे असं समजा. तपासायला एक सरळ, पातळ लाकडी काठी लागते. चेहरा आणि छाती नळीच्या तोंडासमोरून बाजूला ठेवून काठी तळापर्यंत हलकेच सोडा, तोंडाशी तिच्यावर खूण करा आणि बाहेर काढा. आता तीच काठी नळीला बाहेरून लावा. खूण तोंडाशी धरल्यावर काठीचं दुसरं टोक टोपी बसते त्या निपलपर्यंत पोहोचलं पाहिजे. दोन-तीन बोटं अलीकडेच थांबलं, तर आत दारू आणि छर्रे आहेत. काळी दारू कोरड्यात राहिली तर पिढ्या उलटल्या तरी पेट घेते. अशी बंदूक तापवू नका, तिला ड्रिल लावू नका, ठोकून मोकळी करायला जाऊ नका. ते परवानाधारक कारागिराचंच काम आहे.

रिकामी असल्याची खात्री झाली की नळी उजेडाकडे धरून आरपार पाहा. उघड्या पडलेल्या नळीत कुंभारमाशी मातीचं घर करते. चिंधीचा बोळा आत राहिलेला असतो, कधी शेतातला चिखल वाळलेला असतो. अशा अडथळ्यावर बार काढला तर दाबाला वाट मिळत नाही आणि नळी फुगते किंवा फाटते. फुटलेल्या नळ्यांमागे सदोष लोखंडापेक्षा हेच कारण जास्त वेळा असतं.

विकत किंवा वारशानं घेण्याआधी

जुनी दुनाळी पारखायला महागडी अवजारं लागत नाहीत. पुढचा लाकडी भाग, म्हणजे फोरएंड, काढा. बंदूक बंद करा, दस्ता काखेत धरा आणि नळ्या डावीकडे-उजवीकडे हलवून पाहा. बिजागरीपाशी किंचितही हलल्या किंवा मागच्या पाटीशी फट दिसली, तर नळ्या बंद धरून ठेवणारी पकड ढिली झाली आहे. हे दुरुस्त होतं, पण खर्च मोठा असतो आणि तो होईपर्यंत त्या बंदुकीतून बार काढायचा नाही.

मग नळ्या सुट्या करून खालच्या आकड्याला दोरीनं टांगा आणि बोटाच्या पेरानं टिचकी मारा. आवाज घंटेसारखा खणखणीत आणि लांबणारा हवा. बदबद किंवा झणझण आला, तर दोन नळ्या जोडणारी पट्टी कुठेतरी सुटली आहे आणि तिच्याखाली पाणी शिरून आतून गंज चढतो आहे.

नळीच्या आतली तपासणी सर्वांत महत्त्वाची. खिडकीच्या चौकटीकडे नळी रोखली की आत उजेडाची गोल वलयं दिसतात. ती सगळी एकात एक, अगदी गोल हवीत. वलय कुठे चेपलं तर तिथे पोचा आहे, फुगलं तर नळीला फुगा आला आहे, काळे ठिपके दिसले तर गंजाचे खड्डे आहेत. तोंडाजवळचे उथळ ठिपके चालून जातात. चेंबरच्या पुढच्या आठ-नऊ इंचांत मात्र दाब सर्वाधिक असतो, तिथले खोल खड्डे धोक्याचे. नळी आतून घासून चकचकीत करून विकणारेही असतात. खड्डे जातात, पण त्यांच्याबरोबर नळीची जाडीही जाते. म्हणून नळीच्या भिंतीची जाडी कारागिराकडून मोजून घ्यावी.

नळ्यांच्या खालच्या सपाट भागावर छाप असतात. लंडन आणि बर्मिंगहॅमच्या प्रूफ हाउसच्या, म्हणजे नळ्यांची चाचणी करणाऱ्या संस्थांच्या, छापांत मुकुट दिसतो. बेल्जियममधल्या लिएजच्या बंदुकांवर लंबगोलात ‘ई-एल-जी’ ही अक्षरं असतात. इंग्रजी बंदुकीवर ‘एन-पी’ असेल, तर ती धूर न होणाऱ्या, म्हणजे आजच्या दारूसाठी चाचणी झालेली आहे. तो छाप नसलेली शंभर-सव्वाशे वर्षांची बंदूक बहुधा काळ्या दारूसाठी बनलेली असते. नळीवर लाकडाच्या रेषांसारखी नागमोडी नक्षी दिसली, तर ती दमिश्की धाटणीची. लोखंड आणि पोलादाच्या पट्ट्या पिळून, गजाभोवती गुंडाळून, तापवून जोडलेली. दिसायला अप्रतिम असते, पण त्या जोडांच्या आत गंज कुठवर गेला आहे हे बाहेरून कळत नाही. तिच्यात आजचं काडतूस घालू नका.

चेंबरची लांबीही तपासा. जुन्या इंग्रजी दुनाळ्यांचे चेंबर पुष्कळदा अडीच इंचाचे, म्हणजे ६५ मिलिमीटरचे असतात. पावणेतीन इंची, ७० मिलिमीटरचं काडतूस त्यात सहज बसतं आणि इथेच माणूस फसतो. काडतुसाची ही लांबी बार झाल्यावर उघडलेल्या कवचाची असते. तोंड उलगडून ते चेंबरच्या पुढे अरुंद जागेत शिरतं आणि दाब वाढतो. एकदा चेंबर मोजून घ्या आणि तो आकडा परवान्याच्या पाकिटात लिहून ठेवा.

कागद आधी, बंदूक नंतर

१९५९ चा शस्त्र अधिनियम आणि २०१६ चे शस्त्र नियम हा या साऱ्याचा पाया आहे. २०१९ च्या दुरुस्तीनंतर एका व्यक्तीला जास्तीत जास्त दोन बंदुका ठेवता येतात, आधी ही मर्यादा तीन होती. परवान्याची मुदत तीनवरून पाच वर्षं झाली. वारशानं येणारी बंदूकही या दोनांतच मोजली जाते. नेमबाज खेळाडूंसाठी नियमांत वेगळी तरतूद आहे, ती क्लबमार्फत समजून घ्यावी. प्रत्येक परवान्याला युनिक ओळख क्रमांक असायलाच हवा. जुन्या पुस्तकी परवान्यावर तो चढला आहे का, ते आजच पाहा.

परवानाधारक वारला की घरात दुःख असतं आणि बंदुकीकडे कुणाचं लक्ष नसतं. पण त्या क्षणापासून त्या घरात तिचा परवाना कुणाकडेच नसतो. ती लगेच पोलीस ठाण्यात किंवा परवानाधारक विक्रेत्याकडे जमा करून पावती घ्यावी आणि मग वारसानं आपल्या नावावर अर्ज करावा. त्याहून चांगलं म्हणजे हे हयातीतच करणं. परवानाधारकाचं वय ७० झालं किंवा बंदूक बाळगून २५ वर्षं झाली, यांतलं जे आधी होईल तेव्हा कायदेशीर वारसाकडे ती देण्यासाठी अर्ज करता येतो. घरातल्या ज्येष्ठांशी हा विषय वेळेवर काढा.

दुरुस्तीबद्दलही कायदा स्पष्ट आहे. बंदुकीचं काम परवानाधारक कारागीरच करू शकतो. गावातला लोहार किंवा लेथवाला कितीही कुशल असला तरी त्याच्याकडे ती नेऊ नका, तो आणि तुम्ही दोघंही अडचणीत याल. दुरुस्तीला देताना मूळ परवाना दाखवा आणि बनावट, बोअर व क्रमांक लिहिलेली पावती घ्या. परवानगीशिवाय नळी आखूड करणं आणि बंदुकीवरचा क्रमांक खोडणं किंवा बदलणं हे गुन्हे आहेत. नुसत्या पॉलिशच्या हौशीनं बफवर धरून क्रमांक पुसट करू देऊ नका.

सफाई: क्रम आणि कारण

लागणाऱ्या वस्तू थोड्या आहेत: सफाईचा गज, बोअरच्या मापाचा पितळी किंवा फॉस्फर ब्राँझचा ब्रश, स्वच्छ सुती चिंद्या, नळी साफ करण्याचं द्रावण, बंदुकीचं पातळ तेल आणि जुना दात घासायचा ब्रश. सैन्यातून आलेल्या मंडळींना फुलथ्रू आणि चिंदी माहीतच आहेत, रायफलीला ती उत्तम.

नळी नेहमी चेंबरच्या बाजूनं साफ करायची. तोंडाच्या बाजूनं गज घालून रोज घासलं, तर रायफलीच्या तोंडाची कड झिजते आणि गोळी बाहेर पडताना तिला शेवटचा आधार देणारी कडच वाकडी होते. आधी कोरडी चिंदी, मग द्रावण लावलेला ब्रश, मग चिंदी स्वच्छ येईपर्यंत चिंद्या आणि शेवटी तेलाचा पुसट हात. बारा बोअरमध्ये चेंबरच्या पुढे आणि तोंडाजवळ शिशाच्या करड्या रेषा धरतात, हल्लीच्या काडतुसांचं प्लास्टिकही चिकटतं. तिथे ब्रश थोडा जास्त फिरवा. काडतूस बाहेर ओढणारी पट्टी आणि तिच्यामागची खाच दातांच्या ब्रशनं साफ करा, तिथे साचलेली काजळी काडतूस नीट बसू देत नाही. बिजागरीच्या खिळ्याला ग्रीसचा एक ठिपका पुरतो.

जुन्या काडतुसांच्या बाबतीत एक गोष्ट ध्यानात ठेवा. जुन्या धाटणीच्या टोप्यांमध्ये पोटॅशियम क्लोरेट असायचं. बार झाला की त्याचं पोटॅशियम क्लोराईड होतं, म्हणजे मिठाच्या जातीचा क्षार. तो हवेतला ओलावा ओढतो आणि एका रात्रीत नळी लालसर करतो. हा क्षार तेलात विरघळत नाही, पाण्यात विरघळतो. काळ्या दारूची राखही तशीच. म्हणून अशा बारानंतर नळ्या सुट्या करून त्यांतून कडकडीत पाणी सोडायचं, पूर्ण कोरड्या करायच्या आणि मगच तेल. दुसऱ्या दिवशी पुन्हा एक चिंदी फिरवून पाहायची. नुसतं तेल चोपडून ठेवलं, तर क्षार तेलाखाली आपलं काम करतच राहतो.

घरगुती तेलांचा मोह टाळा. खोबरेल तेल थंडीत गोठतं, काही महिन्यांत चिकट होतं आणि बंदुकीच्या कुलपात, म्हणजे आतली कमान आणि घोड्याच्या यंत्रणेत, धूळ धरून ठेवतं. रॉकेल घाण काढतं, पण उडून जातं आणि धातू उघडा टाकतं. तेलही जास्त नको. दस्ता खाली करून बंदूक उभी ठेवली की जास्तीचं तेल नळीतून आणि कुलपातून खाली उतरतं, दस्त्याच्या अक्रोडाच्या लाकडात मुरतं, लाकूड काळं आणि मऊ होतं आणि पुढे बाराच्या धक्क्यानं फाटतं. सफाईनंतर पहिले काही दिवस बंदूक नळीचं तोंड खाली करून ठेवावी. लाकडासाठी जवसाचं तेल उत्तम. दोन-चार थेंब तळहातावर घ्यायचे, हात गरम होईपर्यंत चोळायचे आणि उरलेलं पुसून टाकायचं.

हे कुलूप घरी उघडू नका. बंदुकीच्या स्क्रूची खाच बारीक आणि सरळ भिंतीची असते. बाजारातला साधा स्क्रूड्रायव्हर टोकाला निमुळता असल्यामुळे ती खाच पिंजतो. घोडा ओढून रिकाम्या चेंबरवर वारंवार चाप दाबू नका, पिन तुटते. कमान सैल करायची असेल तर डमी काडतूस वापरा.

पावसाळा, दसरा आणि निवडणूक

पावसाळ्यात बंदूक कॅनव्हासच्या किंवा चामड्याच्या पिशवीत ठेवू नका. पिशवी प्रवासासाठी असते. कापड ओल धरतं आणि कमावलेल्या चामड्यातलं आम्ल पोलादाला लागतं. कुलूपबंद लोखंडी कपाट, आत सिलिका जेलच्या पुड्या आणि बंदुकीभोवती मोकळी हवा, एवढं पुरे. पुड्यांचा रंग बदलला की त्या वाळवून पुन्हा वापराव्या. कपाट बाहेरच्या भिंतीला टेकवू नका, ओल तिथूनच येते. काडतुसं वेगळ्या कुलपात ठेवा आणि दोन्ही किल्ल्या घरातल्या मुलांच्या हाती लागणार नाहीत अशा ठेवा. जून ते सप्टेंबर महिन्यातून एकदा पुरत नाही, दर पंधरवड्याला कोरड्या कापडानं पुसून तेलाचा हात फिरवा. किनाऱ्यालगत राहणाऱ्यांनी आठवड्याला. खारी हवा उन्हाळ्यातही सुटी घेत नाही.

खंडेनवमीला घरोघरी शस्त्रपूजा होते. ती जरूर करा, वर्षातून एकदा तरी बंदूक उजेडात येते. मात्र ओलं गंध, हळद-कुंकू नळीवर लावू नका. पाटावर कापड अंथरून बंदूक ठेवा आणि हळद-कुंकू, फुलं तिच्यापुढे वाहा. पाण्यानं शिंपडलेला हार रात्रभर नळीवर राहिला, तर सकाळी त्याचा ठसा गंजानं उमटलेला असतो. दर्शनाला आलेल्या प्रत्येकाच्या घामेजल्या बोटांचंही तेच. पूजा उतरली की त्याच दिवशी पूर्ण पुसून तेल लावा. आणि हौसेखातर हवेत बार काढू नका, पूजेत नाही, लग्नात नाही, मिरवणुकीत नाही. २०१९ च्या दुरुस्तीनं त्यासाठी दोन वर्षांपर्यंत कैद किंवा एक लाख रुपयांपर्यंत दंड किंवा दोन्ही अशी शिक्षा ठेवली आहे. वर गेलेला छर्रा किंवा गोळी कुठेतरी खाली येतेच.

निवडणुकीत जिल्ह्याच्या छाननी समितीच्या निर्णयाप्रमाणे बंदूक जमा करावी लागली, तर आदल्या दिवशी ती पूर्ण साफ करा, नळीला आत-बाहेर नेहमीपेक्षा जाड तेल लावा, कोरड्या सुती कापडात गुंडाळा आणि नाव व परवाना क्रमांकाची चिठ्ठी बांधा. पावतीवर बनावट आणि क्रमांक बरोबर लिहिले आहेत का, ते तिथेच वाचा. परत आणल्याच्या दिवशीच उघडा. ठाण्याच्या खोलीत डझनावारी बंदुका एकमेकींना टेकून महिना-दीड महिना उभ्या असतात, त्यांची निगा राखणं तिथल्या माणसाचं काम नाही, आपलं आहे.

काडतुसांची शिस्त

बोअरचा आकडा जितका लहान तितकी नळी मोठी. एक पौंड शिशाच्या बारा सारख्या गोळ्या केल्या, तर त्यातली एक जिच्यात नेमकी बसते ती बारा बोअर, व्यास सुमारे १८.५ मिलिमीटर. वीस बोअरची नळी सुमारे १५.६ मिलिमीटर. ज्या घरात दोन्ही बोअरच्या बंदुका आहेत तिथे काडतुसं कधीही एका डब्यात ठेवू नका. वीस बोअरचं काडतूस बाराच्या चेंबरमधून पुढे घसरतं आणि नळीत अडकतं. चाप दाबला तर काही होत नाही. माणूस उघडतो, चेंबर रिकामा दिसतो, तो बाराचं काडतूस घालतो आणि त्या बाराला नळी फुटते, तीही पुढे आधार देणाऱ्या हाताच्या वरच. म्हणूनच वीस बोअरच्या काडतुसांना पिवळा रंग देण्याची पद्धत आहे.

आपल्याकडे बाराची काडतुसं बहुतेक खडकीच्या दारूगोळा कारखान्याची असतात. खडकीचा हा कारखाना १८६९ पासूनचा. काडतुसाच्या बुडावर ‘के-एफ’ असा छाप दिसतो. खरेदीची तारीख डब्यावर लिहा आणि जुनी आधी वापरा. पावसाळ्यात फुगलेलं, चेंबरमध्ये जोर लावल्याशिवाय न बसणारं, बुडाशी हिरवट झालेलं काडतूस बाजूला काढा आणि विक्रेत्याकडे किंवा पोलिसांकडे विल्हेवाटीसाठी द्या.

बार काढताना

सराव परवानाधारक रेंजवरच करायचा. शेतराखणीच्या परवान्याचा अर्थ जनावर मारण्याची मोकळीक असा नाही. १९७२ च्या वन्यजीव संरक्षण अधिनियमानं शिकार बंद आहे. रानडुकरांचा उपद्रव असेल तर वनविभागाची लेखी परवानगी आधी, बंदूक नंतर.

कानाला संरक्षण लावल्याशिवाय बार काढू नका. बारा बोअरच्या बाराचा आवाज १४० डेसिबलच्या वर जातो आणि त्यानं गेलेलं ऐकणं परत येत नाही. डोळ्यांना चष्मा लावा. बार झाल्यावर हात साबणानं धुतल्याशिवाय खाऊ नका, शिशाचा अंश बोटांना असतो.

चाप दाबला आणि बार झाला नाही, तर नळी लक्ष्याकडेच धरून किमान तीस सेकंद थांबा. काही वेळा टोपी उशिरा पेट घेते. आणि बाराचा आवाज नेहमीपेक्षा दबका आला, धक्का कमी वाटला, तर तिथेच थांबा. बंदूक उघडून नळी आरपार दिसते का ते पाहा. गोळी किंवा डाट, म्हणजे दारू आणि छर्ऱ्यांमधला बोळा, आत अडकलेला असू शकतो आणि पुढचा बार त्याच्यावर जाऊन आदळेल.

आपली दुनाळी छर्रे कसे फेकते, हे प्रत्येकानं एकदा तरी पाहावं. रेंजवर ४० यार्डांवर, म्हणजे सुमारे साडेछत्तीस मीटरवर, मोठा कागद लावा आणि प्रत्येक नळीतून एक-एक बार काढा. छर्ऱ्यांच्या दाट भागाभोवती ३० इंच व्यासाचं वर्तुळ आखा आणि आतली भोकं मोजा. त्यावरून नळीचा चोक, म्हणजे ती तोंडाशी किती आवळलेली आहे ते, कळतं. काडतुसातल्या एकूण छर्ऱ्यांपैकी सुमारे ७० टक्के आत आले तर ती फुल चोक, ६० टक्के तर मॉडिफाइड, ५० टक्के तर इम्प्रूव्ह्ड सिलिंडर, ४० टक्के तर साधी सिलिंडर नळी. सहसा डावी नळी जास्त आवळलेली असते. एकगोळी काडतूस आवळलेल्या नळीतून काढण्याआधी नळीचं माप कारागिराकडून घ्या. या एका कागदावरून तुम्हाला बंदुकीबद्दल जे कळेल, ते वर्षानुवर्षं नुसती बाळगून कळणार नाही.

मुलांच्या हाती एअर रायफल देताना

महाराष्ट्रातल्या मुलांसमोर आज मोठी परंपरा आहे. अंजली भागवत, सुमा शिरूर यांनी वाट पाडली. कोल्हापूरच्या तेजस्विनी सावंत २०१० साली म्युनिकमध्ये ५० मीटर रायफल प्रोनमध्ये जगज्जेत्या झाल्या. राही सरनोबत यांनी २०१८ च्या आशियाई खेळांत २५ मीटर पिस्तुलात सुवर्ण जिंकलं. कोल्हापूर जिल्ह्यातल्याच कांबळवाडीच्या स्वप्नील कुसाळे यांनी २०२४ च्या पॅरिस ऑलिंपिकमध्ये ५० मीटर थ्री पोझिशनमध्ये ४५१.४ गुणांसह कांस्यपदक आणलं. त्यांच्याकडे पाहून रायफल मागणाऱ्या मुलाला नाही म्हणू नका, पण आधी रेंजवर न्या. पुण्यात बालेवाडी, मुंबईत वरळी आणि आता अनेक जिल्ह्यांत क्लब आहेत. क्लबची रायफल काही महिने वापरून, प्रशिक्षकाचा सल्ला घेऊन मगच स्वतःची घ्या.

दहा मीटर एअर रायफलच्या लक्ष्यात दहाचा ठिपका फक्त अर्धा मिलिमीटर असतो. त्यामुळे इथे निगेचं महत्त्व दुप्पट. साडेचार मिलिमीटर बोअरची आणि २० जूलपर्यंत ताकदीची एअर रायफल परवान्याशिवाय घेता येते, पण ती खेळणं नाही. तिनं डोळा जातो. पोपट, पारवे, खारी यांच्यावर ती रोखणं गुन्हा आहे आणि नेमबाजीचा तो अभ्यासही नाही. कमानीच्या एअर रायफलमध्ये पेलेट न घालता चाप दाबू नका. हवेची उशी नसल्यानं पिस्टन जोरात आदळतो आणि त्याचं सील फाटतं. तिच्या हवेच्या कप्प्यात साधं तेल सोडू नका, दाबानं ते पेटतं. दाबाच्या हवेच्या सिलिंडरवाल्या रायफलींत सिलिंडरवरची तारीख पाहा. निर्मात्यानं दिलेली मुदत, सहसा दहा वर्षं, संपली की स्पर्धेत तो नाकारला जातो आणि सुरक्षितही राहत नाही. जुनी रायफल स्वस्तात मिळते तेव्हा पालक हाच खर्च धरायला विसरतात.

जुन्या शस्त्रांचा संग्रह

तोड्याची, चकमकीची, टोपीची बंदूक घरात असेल, तर तिला चकाकी आणू नका. नळीवरचा तपकिरी साज, दस्त्यावरचा हातांचा काळपटपणा, कोरीव कामातली जुनी धूळ हाच तिचा इतिहास आहे. एमरी पेपरनं घासलेली किंवा निकेल चढवलेली जुनी बंदूक अभ्यासकाच्या दृष्टीनं निम्मी संपलेली असते. लालसर, हाताला लागणारा गंज मात्र थांबवायचा. तेलात भिजवलेली तांब्याची किंवा लाकडाची पट्टी घेऊन तेवढाच खरवडायचा आणि वर अभ्रकासारखा पातळ मेणाचा थर द्यायचा.

कायद्यात अशा वस्तूंना थोडी मोकळीक आहे. जी दुरुस्त करूनही चालवता येणार नाही अशी कालबाह्य बंदूक अधिनियमातून वगळलेली आहे आणि २०२० पासून ‘क्युरिओ’ वर्गातली शस्त्रं नुसती बाळगायला परवाना लागत नाही. वापरायला किंवा वाहून न्यायला मात्र लागतो. पण आपली बंदूक त्या वर्गात बसते की नाही हे आपण ठरवायचं नसतं. फोटो, मापं आणि छाप यांसह परवाना अधिकाऱ्याकडून लेखी घ्या. शंभर वर्षांहून जुनी शस्त्रं पुरावस्तूंच्या कायद्यातही येतात, ती खाजगीरीत्या परदेशी पाठवता येत नाहीत.

संग्रहाची दृष्टी घडवायची असेल, तर आधी चांगले संग्रह पाहा. पुण्याचं राजा दिनकर केळकर संग्रहालय, मुंबईचं छत्रपती शिवाजी महाराज वस्तुसंग्रहालय, कोल्हापूरच्या नवीन राजवाड्यातलं संग्रहालय. काय चकचकीत आहे याकडे लक्ष देऊ नका. कुठली बंदूक कशासाठी, कुणाच्या हाताच्या मापानं, कुठल्या दारूसाठी घडवली होती, हे ओळखायचा प्रयत्न करा. आणि घरच्या प्रत्येक शस्त्राची एक वही करा: माप, छाप, कुठून आली, कुणी वापरली, कधी साफ केली. ज्येष्ठ माणसं असेपर्यंतच ही माहिती मिळते.

आणि कुणी पाहणारं नसेल तर

काही घरांत आता बंदुकीची गरज उरलेली नसते. शेती कसायला दिलेली, मुलं शहरात, आणि वडिलांच्या आठवणीसाठी कपाटात एक दुनाळी. अशा घरांना मी स्पष्ट सांगतो: सांभाळणारा माणूस नसेल तर ती देऊन टाका. परवानाधारक विक्रेत्यामार्फत गरजवंताला विका, नियमानुसार एखाद्या संग्रहालयाला द्या किंवा परवाना रद्द करून जमा करा. त्यात वडिलांचा अनादर नाही. त्यांनी ती आयुष्यभर पुसून, मोजून, कुलपात ठेवून बाळगली होती. न पाहिलेली, न पुसलेली बंदूक घरात ठेवण्यानं त्यांची आठवण राहत नाही, फक्त धोका राहतो.

आणि ठेवायचीच असेल, तर आजच महिन्याची एक तारीख ठरवा. त्या दिवशी घरातल्या आणखी एका परवानाधारकाला किंवा पुढच्या वारसाला शेजारी बसवा आणि बंदूक उघडणं, रिकामी असल्याची खात्री करणं, पाहणं, पुसणं हा क्रम त्याला शिकवा. बंदुकीबरोबर हेही पुढच्या पिढीकडे गेलं, तरच वारसा पूर्ण होतो.